स्वप्नांचे पडदे रंगवणारा माणूस

(द्वितीय वर्ष कला, मु. वरवे बुद्रुक, ता. भोर)

कला कशासाठी असते, हा प्रश्न वर्गात निघाला की हमखास दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, कलेने माणसाला घटकाभर त्याच्या विवंचना विसरायला लावाव्यात, त्याला स्वप्नांच्या गावी न्यावे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, गोड स्वप्ने दाखवणे ही फसवणूक आहे. कलेने जीवन जसे आहे तसेच पुढे ठेवावे. वाद रंगतो, तास संपतो आणि प्रश्न तसाच राहतो. परंतु कोल्हापुरात एक असा कारागीर होऊन गेला की ज्याने हे दोन्ही तट एकाच आयुष्यात पायाखाली घातले. त्याने आधी स्वप्नांचे पडदे रंगवले आणि पुढे त्याच हातांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी पडद्यावर उभी केली. हा कारागीर म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घर कारागिरांचे. वडील कृष्णराव हे हातात कसब असलेले मेस्त्री. अशा घरातले मूल पुस्तकाआधी हत्यार ओळखते. बाबूरावांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. मुंबईच्या कलाशाळेत जाऊन रीतसर धडे घेण्याचा योगही त्यांच्या वाट्याला आला नाही. चित्रकला आणि मूर्तिकला ते पाहून, करून आणि मोडून शिकले. यात त्यांचे सोबती आणि एका अर्थी गुरू होते त्यांचे वडील चुलत बंधू आनंदराव.

तो काळ संगीत रंगभूमीच्या वैभवाचा होता. नाटक कंपन्या गावोगाव फिरत आणि त्यांच्या सामानात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रंगवलेले पडदे. राजवाडा, उपवन, अरण्य, नगरातील रस्ता असे सारे काही कापडावर असे. सुमारे १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव या बंधूंनी नामवंत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. सपाट कापडावर खोली दाखवायची, दूरचा खांब लहान आणि जवळचा मोठा काढून प्रेक्षकाच्या डोळ्याला आत आत न्यायचे, ही किमया त्यांना साधली होती. पडदा उघडताच लोक टाळ्या वाजवीत. कामाची कीर्ती एवढी झाली की मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक या बंधूंना पेंटर म्हणून ओळखू लागले. धंद्यावरून पडलेले हे नाव पुढे कायमचे चिकटले.

पण पडदा कितीही सुंदर असला तरी तो हलत नाही. त्यावरील झाडाचे पान सळसळत नाही, नदीचे पाणी वाहत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि हलणारे चित्र आपल्या देशात, आपल्या माणसांनी तयार करता येते हे सिद्ध झाले. पेंटर बंधूंना याच गोष्टीने झपाटले. रंगवलेल्या स्वप्नाला आता चालते-बोलते करायचे, निदान चालते करायचे, असा ध्यास त्यांनी घेतला.

अडचण होती ती कॅमेऱ्याची. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता आणि महायुद्धामुळे परदेशी माल मिळणेही दुरापास्त झाले होते. तेव्हा कॅमेरा स्वतःच तयार करायचा असे ठरले. हे काम ऐकायला सोपे वाटते, पण त्यातली गोम समजून घेण्यासारखी आहे. फिल्म कॅमेऱ्यातून सारखी धावत राहिली तर चित्र पुसट उमटते. प्रत्येक चित्रासाठी ती भिंगामागे क्षणभर स्थिर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे आणि मग फिल्म बरोबर एक घर पुढे सरकली पाहिजे. हे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा, हाताने दांडा फिरवून. एखादे दातेरी चक्र केसभर जरी चुकले तरी सारी मेहनत वाया. अशी चक्रे कोल्हापुरात घडवायची होती.

हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. स्वप्न दोघांचे होते. आता ते पुरे करायला एकटे बाबूराव उरले. दुसरा कोणी असता तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता. तो धंदा चालू होता, त्यात मान होता आणि पैसाही होता. पण बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने काम पुढे चालू ठेवले आणि १९१८ साली कॅमेरा पुरा केला. भारतीय बनावटीचा पहिला सिने-कॅमेरा म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

दरम्यान त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली. भांडवलासाठी दारोदार फिरावे लागले. अशा वेळी तानीबाई कागलकर या गायिकेने आपला पैसा या कामात घातला. ज्या काळात सिनेमा हा शहाण्या माणसाचा उद्योग समजला जात नव्हता, त्या काळात एका कलावतीने दुसऱ्या कलावंताच्या स्वप्नावर विश्वास ठेवला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. राजर्षी शाहू महाराजांचाही आश्रय कंपनीला लाभला. कुस्ती, गायन, नाटक यांना ज्या राजाने जिव्हाळा दिला, त्याने या नव्या कलेलाही उपेक्षिले नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. कथा महाभारतातील, कीचकवधाची. मात्र बाबूरावांनी ती अशा हुबेहूब रीतीने चित्रित केली होती की भीमाच्या हातून होणारा कीचकाचा वध पाहून प्रेक्षागृहात काही जणांना भोवळ आली असे सांगतात. त्या दृश्यावर पुढे सरकारी कात्री चालली. पुराणातली कथा म्हणजे स्वप्नच. पण त्या स्वप्नात रक्त खरे वाटले पाहिजे, हा बाबूरावांचा आग्रह पहिल्याच चित्रपटात दिसून येतो. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य गेले.

'सैरंध्री'ची आणखी एक गोष्ट आम्हा मुलींनी तरी लक्षात ठेवावी अशी आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम पुरुषाने केले होते. बाबूरावांनी स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी आल्या. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. समाजाने त्यांना दूर केले आणि बाबूरावांनी त्यांची राहण्याची व्यवस्था स्टुडिओच्या आवारातच केली. पडद्यावर जी स्त्री द्रौपदी म्हणून पूजली जात होती, तिला पडद्याबाहेर कोणी दारात उभे करीत नव्हते. स्वप्न आणि वास्तव यांतील अंतर याहून स्पष्ट कुठे दिसेल?

बाबूरावांची काम करण्याची पद्धत चित्रकाराची होती. दृश्य चित्रित करण्यापूर्वी ते त्याची रेखाटने करीत. पात्रांचा वेष, दागिने, उभे राहण्याची ढब, सारे कागदावर आधी ठरलेले असे. गंमत अशी की ज्या माणसाची सारी कीर्ती रंगवलेल्या पडद्यांवर उभी होती, त्यानेच चित्रपटातून रंगवलेले पडदे बाजूला सारले आणि भिंती, खांब, जिने असलेली खरी नेपथ्यरचना उभी केली. कॅमेऱ्याचा डोळा नाटकाच्या प्रेक्षकासारखा भोळा नसतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९२३ साली 'सिंहगड' आला. तो हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर आधारलेला होता. आमच्या शिवगंगा खोऱ्यापासून सिंहगड काही लांब नाही. तानाजीची गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ही गोष्ट रात्रीची आहे आणि तेव्हाचे सारे चित्रण सूर्यप्रकाशावर चाले. भर उन्हात रात्रीची चढाई कशी दाखवावी? बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग करून पडद्यावर रात्र आणली. आपल्या चित्रपटात अशा प्रकाशाचा उपयोग करणाऱ्यांत ते अगदी आरंभीचे होत. चित्रपटाची जाहिरात चित्रमय भित्तिपत्रकांनी करावी ही दृष्टीही त्यांचीच. १९२४ सालच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे त्यांनी केलेले भित्तिपत्रक आजही जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत मानाने दाखवले जाते. याच चित्रपटाला लंडनजवळच्या वेंब्ली येथील प्रदर्शनात गौरव लाभला.

इथपर्यंतचे बाबूराव म्हणजे यशाच्या पायऱ्या चढणारा कलावंत. पुराणे आणि इतिहास यांवर लोक खूश होते. असेच चालू ठेवले असते तर पैशाला तोटा नव्हता. पण १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे मर्म या एका चित्रपटात आहे.

कथा नारायण हरी आपटे यांची. (सिंहगडाचे हरि नारायण आपटे वेगळे, नावे उलटसुलट असल्याने घोटाळा होतो.) एक शेतकरी सावकाराच्या कर्जात सापडतो, त्याची जमीन जाते आणि तो शहरात जाऊन गिरणीत मजुरी करू लागतो. त्यात देव नाही, राक्षस नाही, मुकुट नाही, तलवार नाही. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पुढे जगभर नाव झालेला हा माणूस त्या वेळी कंपनीतला उमेदवार तरुण होता. अंधूक उजेडातली झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे, एवढ्याच साधनांनी बाबूरावांनी दारिद्र्य उभे केले होते, असे तो चित्रपट पाहिलेल्या जाणत्यांनी नोंदवून ठेवले आहे. मूकपट असल्यामुळे कुत्र्याचा आवाज कोणाला ऐकू येणार नव्हता. तरी तो ऐकू आल्याचा भास होई म्हणतात.

हा विषय बाबूरावांनी हवेतून आणला नव्हता. त्याआधी पन्नास वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ रोजी, आपल्याच पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. त्यांचा रोख माणसे मारण्यावर नव्हता. त्यांना कर्जरोखे हवे होते, आणि ते मिळताच त्यांनी जाळले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत ही लाट पसरली आणि सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच पार्श्वभूमीवर, १८८३ साली. कायदा झाला, पुस्तक झाले, तरी पाश सुटला नव्हता. बाबूरावांनी तोच पाश पडद्यावर आणला.

ही कथा मी वाचली तेव्हा ती मला परकी वाटली नाही, कारण ती आमच्या घरची आहे. आमच्या पणजोबांनी मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी भाताची दोन खाचरे गहाण पडली होती. आजोबा मिसरूड फुटण्याआधी मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत कामाला लागले. एका खोलीत दहा-बारा जण, आळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. भोर-वेल्ह्याच्या किती घरांतले किती पुरुष असे गेले, याची मोजदाद आमच्या आज्याच करू शकतील. गिरणीच्या पगारातून आजोबांनी खाचरे सोडवली. मग जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला, तो मिटलाच नाही आणि आजोबा एका वळकटीसह परत आले. जमीन सोडवलेली होती म्हणून त्यांना परत यायला जागा होती. चित्रपटातल्या शेतकऱ्याला तीही उरली नव्हती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आणि त्या खाचरांवरच मी शिकते आहे.

आता प्रश्न असा की, एवढ्या खऱ्या कथेचे लोकांनी स्वागत कसे केले? लोकांनी ती नाकारली. जाणकारांनी वाखाणली, पण तिकीटबारीवर 'सावकारी पाश' चालला नाही. चार आणे मोजून येणाऱ्या माणसाला कृष्ण हवा होता, शिवाजी महाराज हवे होते. घरी सोडून आलेले दुःख त्याला पुन्हा पडद्यावर नको होते. मला सुरुवातीला या प्रेक्षकांचा राग आला. मग मी आजीला ही गोष्ट सांगितली. जत्रेतल्या तंबूत तिने पाहिलेले सगळे सिनेमे देवादिकांचे होते आणि ते तिला अजून आठवतात. दिवसभर चिखलात भातलावणी केलेल्या बाईने रात्री चिखलच का पाहावा? त्या प्रेक्षकांना वास्तव कळत नव्हते असे नाही. ते त्यांना फार चांगले कळत होते.

तरीही बाबूरावांनी केले ते योग्यच केले असे मला वाटते. कारण सावकाराचा पाश ज्यांच्या गळ्यात नव्हता, त्यांनाही तो दिसणे जरूर होते. पुढे १९५३ साली बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यातही शेतकऱ्याची जमीन जाण्याची पाळी येते आणि तो कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. त्या चित्रपटाचा जगात गौरव झाला. बाबूरावांनी ती वाट त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी, मुक्या पडद्यावर, कोल्हापुरात पाडली होती.

त्यानंतर कंपनी पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांकडे वळली. पण घराला तडे जाऊ लागले होते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे बाहेर पडले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. हाताखाली घडलेली माणसे एकाच वेळी निघून जाणे म्हणजे काय, हे कोणत्याही कारागिराला विचारावे. पुढे बाबूरावांनीही आपली कंपनी सोडली आणि तिचा दिवा विझला. उलट प्रभात मात्र १९३३ साली पुण्यास आली आणि बहरली. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात सन्मान झाला. त्या चित्रपटात आकाशातून विमान येते आणि त्याच चित्रपटात तुकोबांची जिजाई चुलीपाशी खऱ्याखुऱ्या संसाराला कंटाळून कावते. गुरूच्या घरचे दोन्ही धडे शिष्यांनी बरोबर नेले होते.

बोलपटांच्या युगात बाबूरावांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी 'उषा' (१९३५), 'सावकारी पाश' (१९३६) आणि 'प्रतिभा' (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. यांतील दुसरे नाव पाहून मी थबकले. जो चित्रपट लोकांनी नाकारला होता, तोच त्यांनी अकरा वर्षांनी, आता आवाजासह, पुन्हा काढला. नुकसान सोसलेला माणूस त्याच वाटेने पुन्हा जातो, तेव्हा त्याला हट्टी म्हणावे की श्रद्धावान? मला तरी ती श्रद्धा वाटते.

उतारवयात त्यांचा मुक्काम मुख्यतः चित्रे आणि मूर्ती यांत राहिला. त्यांच्या 'जलवाहिनी'सारख्या चित्रांत कडा मऊ असतात, रंग दबलेले असतात आणि सारे काही धुक्यातून पाहावे तसे दिसते. झोपडीतला अंधार दाखवणारा हा माणूस कुंचला हाती घेतला की पुन्हा स्वप्नाकडे वळे. १९४७ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमलच्या 'लोकशाहीर राम जोशी'शी दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव जोडले गेले. शिष्य गुरूला विसरला नव्हता. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले.

मूक 'सावकारी पाश'ची प्रत आज उपलब्ध नाही. आपण ज्याला त्यांचे श्रेष्ठ काम म्हणतो ते आपल्यापैकी कोणालाच पाहता येणार नाही. ते आठवणींतून आणि लिहून ठेवलेल्या वर्णनांतूनच उरले आहे. वास्तव दाखवणारा चित्रपटच आता स्वप्नासारखा झाला आहे, हा दैवाचा केवढा विनोद!

आमच्या वरवे बुद्रुकवरून जाणारा पुणे-सातारा रस्ता पुढे थेट कोल्हापूरला पोहोचतो. आज या रस्त्याच्या दुतर्फा मोठमोठे फलक उभे आहेत. त्यांवर हिरवळ, कारंजी, पांढरे बंगले आणि हसणारी कुटुंबे रंगवलेली असतात आणि त्या फलकांच्या मागे भाताची खाचरे असतात, कोणाची विकलेली, कोणाची विकायला काढलेली. गेली दोन वर्षे जमिनीचे दलाल आमच्याही ओट्यावर येऊन बसतात. आता कोणी कर्जरोखा पुढे करीत नाही. आता रंगीत पत्रक पुढे करतात. वडिलांनी अजून होय म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. धाकट्या भावाला शहरात घर हवे आहे, आणि ते त्याने मागणे मला चूकही वाटत नाही.

अशा वेळी मला बाबूरावांची शिकवण उपयोगी पडते. पडदा सुंदर रंगवता येतो हे ज्याला स्वतःच्या हातांनी कळलेले असते, तो पडद्याला भुलत नाही आणि त्याचा तिरस्कारही करीत नाही. तो पडदा बाजूला करून मागे काय आहे ते पाहतो. बाबूरावांनी स्वप्न पाहिले ते रिकामे बसून नव्हे. त्यांनी त्याची दातेरी चक्रे घडवली, भाऊ गेल्यावरही घडवली आणि जे यंत्र तयार झाले ते सरतेशेवटी आपल्याच माणसांच्या दुःखाकडे वळवले. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात त्यांच्या कॅमेऱ्याहून शतपटींनी चांगला कॅमेरा आहे आणि तो घडवण्यासाठी आपल्याला एकही चक्र कातावे लागलेले नाही. तो आपण कोणाकडे वळवतो, एवढाच प्रश्न आपल्यासाठी शिल्लक आहे. यंदा भातलावणीच्या दिवसांत मी त्या दोन खाचरांची आणि त्यांत राबणाऱ्या माझ्या आईची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. ती सुंदर आलेली नाहीत, पण खरी आलेली आहेत.